फोन, किंडल आणि म्युझिक प्लेयर जोडणारी आखूड सी-टू-सी केबल

दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली वीतभर केबल दिसायला किरकोळ असली, तरी प्रवासात फोन, ई-रीडर आणि म्युझिक प्लेयर एकत्र बाळगणाऱ्याने ती जरूर घ्यावी. अ‍ॅमेझॉनच्या किंडल ई-रीडरमध्ये यूएसबी-सी २०२१च्या पेपरव्हाइट मॉडेलपासून आली आणि २०२३मध्ये आयफोन १५नेही तीच स्वीकारली, त्यामुळे आता एकच केबल बहुतेकांना चालते.

माझ्या मते तिचा खरा उपयोग पुस्तके पाठवण्यासाठी आहे. २०२१चे पेपरव्हाइट अँड्रॉइड फोनला जोडले की ते पेनड्राइव्हप्रमाणे उघडते आणि ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये पीडीएफ किंवा एझेडडब्ल्यू३ (किंडलचे स्वतःचे ई-पुस्तक स्वरूप) फाइल टाकली की इंटरनेट वा लॅपटॉपशिवाय काम होते. २०२४च्या मॉडेलांत मात्र एमटीपी ही फाइल देवाणघेवाणीची वेगळी पद्धत आल्याने ती साध्या ड्राइव्हसारखी उघडत नाहीत. ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातील फाइल अशी टाकल्यास किंडल ती दाखवतच नाही, ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या इंटरनेटवरून फाइल पाठवण्याच्या सेवेचा वळसा घ्यावा लागतो; कोबोचे ई-रीडर ईपब थेट वाचतात, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य मराठी पुस्तके पीडीएफ असल्याने किंडलमध्ये सहज जातात, परंतु सहा-सात इंची पडद्यावर त्यांचा टाइप डोळे ताणायला लावतो आणि पीडीएफमध्ये केवळ अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय नसते.

विजेबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. आयफोन १५ दुसऱ्या उपकरणाला साडेचार वॅटपर्यंतच वीज देतो. तरीही किंडलचा ई-इंक (कागदासारखा दिसणारा) पडदा मुख्यतः पान बदलतानाच वीज घेत असल्याने, दिवा मंद ठेवल्यास एवढ्यावर किंडलचे बरेच वाचन होते. फोन आणि अँड्रॉइडवर चालणारा सोनीचा वॉकमन म्युझिक प्लेयर जोडताना मात्र जपावे. जी उपकरणे वीज देऊही शकतात आणि घेऊही शकतात, त्यांच्यात दाता कोण हे जोडणीच्या क्षणी आपसांत ठरते, आणि कधी बिचारा प्लेयरच फोनचे पोट भरू लागतो. म्हणून फोनच्या यूएसबी सेटिंगमध्ये जोडलेले उपकरण चार्ज करण्याचा पर्याय निवडला आहे का, ते पाहावे.

घेताना वेगाच्या आकड्यांमागे धावू नये. यूएसबी २.०चा सेकंदाला ४८० मेगाबिट हा कमाल वेग पुस्तकांनाच काय, फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या, मोठ्या फाइलींच्या स्वरूपातील अख्ख्या अल्बमलाही पुरतो; डेटाच्या तारा आहेत याची खात्री मात्र करावी, कारण काही स्वस्त केबलींमधून फक्त वीज जाते. मायक्रो यूएसबीच्या जुन्या किंडलला ही केबल बसणारच नाही. तिथे फोनच्या बाजूला ओटीजी अडॅप्टर (फोनला दुसरे यूएसबी उपकरण जोडू देणारा जोड) लावून किंडलची मूळ केबलच वापरावी लागते.