स्लिम : डाऊनीची उत्क्रांती वर्गात दाखवणारी प्रणाली

समष्टीचे, म्हणजे एका जातीच्या जीवसमूहाचे, जनुकशास्त्र फळ्यावर शिकवता येते, पण योगायोगाने जनुके टिकतात किंवा नाहीशी होतात ती प्रक्रिया केवळ समीकरणांतून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. त्यासाठी नाशिकमधील आमच्या पदव्युत्तर वर्गात मी ‘स्लिम’ ही मोफत संगणकप्रणाली वापरतो. फिलिप मेसर यांनी ती 2013 मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे बेंजामिन हॅलर यांच्यासह विकसित केली. ‘आयडॉस’ या तिच्या भाषेत उत्परिवर्तन, निवड आणि प्रजनन यांचे नियम लिहून दिले की ती पिढीमागून पिढी घडवत जाते.

वर्गातील अनेक मुले निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांच्या घरची असल्याने आम्ही द्राक्षवेलीवरील डाऊनी या रोगाचे उदाहरण घेतले. या रोगाचा कारक जीव द्विगुणित असतो, म्हणजे त्याच्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि डायमेथोमॉर्फ या फवारणीच्या औषधाच्या गटातील औषधांना त्याच्यात येणारा प्रतिकार अप्रभावी असतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच तो प्रकट होतो. आम्ही 500 जीवांत बदललेल्या 10 प्रती, म्हणजे 1 टक्का, पेरल्या. पहिल्या वेळी प्रभाविता, म्हणजे एकच प्रत बदललेली असताना दिसणारा परिणाम, 0.5 (निम्मा) अशीच राहून गेली, आणि प्रणालीच्या खिडकीतील पिवळे चौकोन (एक चौकोन म्हणजे एक जीव) भराभर हिरवे, म्हणजे प्रतिकाराचा फायदा मिळालेले, होत गेले. ती चूक माझीच होती. आकडा 0 केल्यावर खिडकी पिढ्यान्‌पिढ्या पिवळीच राहिली, कारण इतक्या विरळ प्रतींतून दोन्ही बदललेल्या प्रती असलेला जीव सुरुवातीला सरासरीने 20 पिढ्यांत एखादाच जन्मतो. काही वेळा तर बदललेल्या प्रती नाहीशाच झाल्या. “म्हणजे बागेत औषध चालते आहे, तरी प्रतिकार आत दडलेला असू शकतो,” असे एक विद्यार्थिनी म्हणाली, तेव्हा त्या तासाचे चीज झाले असे मला मनापासून वाटले.

डाऊनी हंगामात मुख्यतः अलैंगिक रीतीने वाढते, आणि तेही क्लोनिंगचा दर देऊन दाखवता येते. प्रत्येक जीवाचा हिशेब ठेवावा लागत असल्याने मोठ्या समष्टीला मात्र वेळ फार लागतो. निवडीचा प्रश्नच नसेल तर वंशावळ मागे शोधत जाणारी ‘एमएसप्राइम’ प्रणाली कितीतरी वेगवान आहे. माहितीपुस्तिका जाडजूड आणि इंग्रजीत आहे, तरी तिच्यातील तयार नमुने बदलत शिकणे हाच मला सर्वांत सोपा मार्ग वाटतो.

प्रणाली एकदाच चालवून, म्हणजे एकाच धावेवरून, निष्कर्ष काढू नये, निदान शंभर धावा घ्याव्यात, आणि प्रत्येक धावेच्या आरंभी छापला जाणारा सीड-क्रमांक (ज्यापासून त्या धावेतील यादृच्छिक आकडे सुरू होतात) वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे तीच धाव पुन्हा घडवून तपासता येते.