नमुना एक, पेटीत भलतंच

घराचं काम काढल्यावर सिमेंट आणि वाळूच्या बाबतीत आम्ही फार सावध होतो. फरशीच्या दुकानात मात्र पार भुललो. भिंतीला लावलेली फिकट राखाडी, बारीक रव्याची फरशी बघितली आणि बायको म्हणाली, "हीच." दुकानदाराने तेव्हाच ओळखलं असणार.

"साहेब, डबल चार्ज आहे. रंग तीन-चार मिलिमीटर आत गेलाय, झिजली तरी नक्षी जात नाही," तो म्हणाला. कोपरा उडालेला एक तुकडाही त्याने हातात दिला. खरंच, वरचा रंगीत थर जाड होता. त्या तुकड्याबद्दल तो एक शब्दही खोटं बोलला नाही. पण माझ्या घरी ती फरशी आलीच नाही.

आली ती दिसायला हुबेहूब तशीच, पण छापील. वर जेमतेम कागदाइतकी नक्षी, त्यावर चकाकी आणि खाली पांढरट माती. टेम्पो संध्याकाळी आला, मिस्त्रीने रात्रीच पेट्या फोडल्या आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतेपर्यंत अर्धा हॉल लावून झाला होता. एवढी घाई कशाची, हे मी विचारायला हवं होतं. दुकान त्यानेच सुचवलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

दोन महिन्यांनी हातोडी पडून टवका उडाला, तेव्हा आतली माती दिसली. सकाळच्या उन्हात खिडकीजवळच्या चार ओळी बाकीच्यांपेक्षा पिवळसर आहेत, हे त्याआधीच खटकत होतं. मिस्त्री म्हणाला होता, "पुसलं की जाईल."

पेट्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. रंगाच्या डब्यांखाली दोनच सापडल्या. दोन्हींवरचे शेड नंबर वेगळे! प्रत्येक भट्टीचा रंग जरा वेगळा उतरतो, म्हणून तर तो नंबर छापतात. एका पेटीवर दर्जाच्या जागी चिकटपट्टी होती. नखाने खरवडली तर खाली 'कमर्शियल'. म्हणजे पहिल्या प्रतीतून बाजूला काढलेला माल. त्याच पेटीवर ठळक छापलं होतं की लावण्यापूर्वी तपासा, लावल्यानंतर तक्रार ऐकली जाणार नाही. ते मी पहिल्यांदा वाचलं ते तेव्हा.

पेटी घेऊन दुकानात गेलो. दुकानदार जराही चिडला नाही, त्याने फक्त बिल मागितलं. बिलावर होतं 'फरशी ६०० × ६००, राखाडी, ४२ पेट्या'. "यात डबल चार्ज कुठे लिहिलंय, साहेब?" मी ते बिल तीन वेळा वाचलं. नव्हतंच लिहिलेलं. प्रकार, प्रत, शेड नंबर, सगळं तोंडी.

त्या बिलाने आणखी एक गंमत दाखवली. पेटीत चार फरश्या, आणि पैसे लावले होते पेटीला १६ चौरस फुटांप्रमाणे, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट धरून. पण ६०० मिलिमीटर म्हणजे पुरते दोन फूट होत नाहीत, पेटी भरते साडेपंधरा चौरस फूट. ४२ पेट्यांमागे २१ चौरस फूट हवेत गेले. पाचहून जास्त फरश्यांचे पैसे, आणि मी बिलाची बेरीज तपासून खूश होतो.

मग संशयाने बाथरूमच्या जमिनीची उरलेली फरशी उलटी केली आणि मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब सोडले. बघता बघता जिरले. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, म्हणून घेतलेली फरशी असं पाणी पीत नाही. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच असायला हवं. भिंतीच्या सिरॅमिक फरशीचं १० टक्क्यांच्या वर असतं. ही भिंतीची होती. आई त्यावरून एकदा घसरली होती आणि आम्ही साबणाला दोष दिला होता.

हॉल तसाच ठेवलाय, पिवळ्या ओळींवर सोफा सरकवून. बाथरूम पुन्हा उखडतोय, दुसऱ्या दुकानातून माल घेऊन. या वेळी नमुन्याची फरशी मागून घरी आणली, तिच्या पाठीवर दुकानदाराची तारखेसकट सही घेतली आणि प्रकार, प्रत, शेड नंबर बिलावर लिहून घेतला. सही करताना त्याने विचारलं, "आधी कुठे फसलात का?" टेम्पो रविवारी सकाळी बोलावलाय. पेट्या मी फोडणार आहे, मिस्त्री नंतर येईल.