शहर बसचे आठ महिने: गाडी बरी, पण तिला धनी कोण?

आठ महिन्यांपूर्वी दुचाकी झाकून ठेवली आणि कामावर जाण्यायेण्यासाठी बसचा पास काढला. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी चार तारे दिले असते. नवी इलेक्ट्रिक गाडी, धूर नाही, घरघर नाही, पायरी इतकी खाली की गुडघे दुखणाराही सहज चढतो. खिडकी मिळाली तर डुलकीही लागते. आज अडीच देतोय, त्यातला अर्धा निव्वळ कंडक्टर मंडळींसाठी.

माझी सकाळची ७:४० ची फेरी. तीन महिने घड्याळ लावावं अशी यायची. मग आठवड्यातून एकदा, पुढे दोनदा गायब व्हायला लागली. ॲपवर मात्र गाडी ‘४ मिनिटांत’ पोचत असायची. वीस मिनिटं झाली तरी तिथली चार मिनिटं काही संपायची नाहीत.

तक्रार करायला गेलो आणि खरा प्रवास तिथून सुरू झाला. परिवहन उपक्रम म्हणाला, गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे. कंत्राटदार म्हणाला, वेळापत्रक उपक्रमाचं. थांब्याचं गळकं छप्पर महापालिकेकडे, समोरचा खणलेला रस्ता भलत्याच खात्याकडे, भाडं ठरवणार प्राधिकरण, ॲप एका खासगी कंपनीचं. पासाचे पैसे घेताना मात्र एकच खिडकी होती!

मग एकदा शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरशी बोलणं झालं. “साहेब, मालकाला किलोमीटरवर पैसे. माणसं किती बसली, याचं त्याला काही नाही.” या एका वाक्यामुळे मी रात्री बसून वाचायला लागलो. या पद्धतीला ग्रॉस कॉस्ट करार म्हणतात: तिकिटाची रक्कम सरकारी यंत्रणेकडे जमा होते आणि कंत्राटदाराला गाडी जितकी धावेल त्याप्रमाणे बिल मिळतं. पद्धत मुळात वाईट नाही. तिकिटाचं उत्पन्न थेट गाडीवाल्याच्या खिशात गेलं, तर दोन गाड्या एकाच थांब्यावरची माणसं उचलायला शर्यत लावतात आणि रात्रीची रिकामी फेरी कुणीच काढत नाही. पण किलोमीटरच्या हिशोबात थांबा न घेता निघून गेलेली गाडीसुद्धा पूर्ण पैसे कमावते. हात दाखवत राहिलेला माणूस त्या बिलात कुठेच दिसत नाही.

फेरीच रद्द झाली तर त्या किलोमीटरचे पैसे बुडणारच ना, मग कंत्राटदार ती का सोडेल, असं मलाही वाटलं. पण ड्रायव्हर कमी, गाडी चार्जिंगला अडकलेली आणि दंड किरकोळ, तर एखादी फेरी गेली तरी कंत्राटदाराला झळ बसत नाही. दंड लावायचा तर रद्द फेऱ्या रोज कुणीतरी मोजायला हव्यात. जीपीएसची नोंद असते. ती उघडून बघणारा कोण, हे आठ महिन्यांत मला कळलं नाही.

‘खासगी आलं म्हणून वाटोळं झालं’ असं बसमध्ये रोज ऐकतो. मला ते अर्धंच पटतं. ब्रिटनमध्ये २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरच्या बससेवा खासगी कंपन्यांवर सोडून दिल्या. मार्ग त्यांचे, भाडं त्यांचं, तोट्याच्या फेऱ्या स्थानिक प्रशासनाने अनुदान देऊन चालवायच्या. लंडन त्यातून वगळलं गेलं. तिथेही गाड्या पुढे खासगी कंपन्यांच्याच हाती गेल्या, पण मार्ग, भाडं आणि वेळापत्रक सरकारी यंत्रणेने हातचं सोडलं नाही. सप्टेंबर २०२३ पासून ग्रेटर मँचेस्टरने टप्प्याटप्प्याने तोच कित्ता गिरवला आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या बस एका नियंत्रणाखाली आणल्या. गाडी कंपनीची असली तरी जाब विचारायला दार एकच. मला एवढंच हवं आहे.

सवलतीचंही तसंच. माझ्याबरोबर चढणाऱ्या आजींचा पास सवलतीचा आहे, आणि तो असायलाच हवा. पण सवलत जाहीर करणारा एक आणि तूट सोसणारा दुसरा, असं झालं की कात्री फेऱ्यांनाच लागते. युरोपीय संघाच्या २००७ सालच्या १३७० क्रमांकाच्या नियमावलीत कंपनीवर टाकलेली सेवेची जबाबदारी आणि तिची भरपाई करारात आधीच लिहावी लागते. कागदी काम वाटतं खरं, पण रात्रीची शेवटची गाडी अशाच कागदावर टिकते.

कंडक्टरांबद्दल सांगायचं राहिलं. मशीन बंद पडलं, सुट्टे नाहीत, गर्दी दारापर्यंत, आणि तरी आजींना जागा करून देणारे हेच. फेरी चुकल्याचा राग आम्ही यांच्यावरच काढतो, कारण सगळ्या साखळीत समोर उभा असलेला माणूस तेवढाच.

पास पुढच्या महिन्याचाही काढलाय. परवा फोनवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मी ७:४० च्या गाडीची वाट बघत थांब्यावरच उभा होतो.