८५ सेंटीमीटरचा सांगाडा घेतला, चार महिने वापरून सांगतोय

अमळनेरला आमचं छोटं मेडिकल आहे. डी फार्म केलं, पण जीव अडकलेला ॲनाटॉमीत, तो बारावीपासून. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजला एक मित्र होता, त्याच्या रूमवर सीनियरकडून आलेला खऱ्या हाडांचा बोन सेट होता. मी गेलो की मांडीचं हाड घेऊन बसायचो, त्याच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं की एक खरखरीत कड लागते, लिनिआ ॲस्पेरा म्हणतात तिला, मांडीचे मोठमोठे स्नायू तिथे येऊन पकड घेतात. तेव्हापासून घरात एक सांगाडा पाहिजेच होता. एकेकाळी जगभरच्या कॉलेजांना हाडं आपल्याच देशातून जायची, १९८५ ला सरकारने निर्यात बंद केली. माझ्यासारख्याला आता प्लास्टिकचाच रस्ता.

तर ४२०० रुपयांत ऑनलाइन मागवला, अंबाल्याहून आठ दिवसात आला, पॅकिंग चांगलं होतं, काही तुटलेलं नव्हतं. दुकानात खोका उघडला तर शेजारचे आबा आले आणि म्हणाले, "हाई कोना हाडकं शेतस रे भो?" प्लास्टिकचा आहे म्हटल्यावर हात लावून बघितला, मग खुर्ची ओढून बसलेच.

आधी चांगलं सांगतो, पाठीचा कणा. यासाठीच पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. मानेचे ७ मणके, छातीचे १२, कंबरेचे ५, खाली माकडहाड, सगळं वेगवेगळं कळतं, मधल्या चकत्या मऊ आहेत, बाजूने पिवळ्या नसा बाहेर आलेल्या दाखवल्यात आणि कंबरेच्या चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एक चकती लाल रंगाची, बाहेर सरकलेली. आबांना दोन वर्षांपासून कंबरेचा त्रास. "डॉक्टर म्हने गॅप शे, मन्हा गॅप कथा शे ते दखाड." आता बघा, गॅप पडला म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना वाटतं दोन हाडं एकमेकांपासून लांब गेली, आणि बऱ्याचदा असतं नेमकं उलटं, चकती वाळून चपटी होते, हाडं जवळ येतात, एक्सरेत मधली जागा कमी दिसते, आणि सरकलेली चकती नसेवर दाबली की कळ पायात उतरते. आबांचं बोट धरून त्या लाल चकतीवर ठेवलं, मग बाजूच्या पिवळ्या नशीवर, आणि तीच नस पुढे मागून मांडीत कशी जाते ते त्यांच्याच पायावर हात फिरवून दाखवलं. गोळ्या काय घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवणार, पण आपल्या दुखण्याची जागा माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बाय द वे, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत पण मणके ७ च, फक्त एकेक लांबलचक.

कवटी पण छान आहे. वरची टोपी निघते, जबडा स्प्रिंगवर हलतो, आणि नदीच्या वाकणांसारखे ते हाडांचे जोड स्पष्ट कोरलेत. बहिणीचा सात महिन्यांचा बाळ्या आला होता तेव्हा त्याची टाळू आणि कवटीवरची तीच जागा शेजारी शेजारी बघितली, त्याची टाळू ठोक्यांबरोबर हलत होती, साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते. मी किती वेळ तशीच बघत बसलो होतो.

आता तक्रार. खोक्यावर २०६ हाडं असं छापलंय. कानातली हातोडी, ऐरण, रिकीब दोन्ही बाजूंची मिळून ६, ती नाहीतच, रिकीब तर ३ मिलिमीटरच्या आसपासची, एवढ्या छोट्या मॉडेलमध्ये ती येणार पण नाही हे मान्य, पण गळ्यातलं हायॉइड पण नाही, जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला थेट जोडलेलं नसतं, स्नायूंवर टांगलेलं असतं. म्हणजे १९९ च राहिली, आणि मनगटाची ८ हाडं एकाच गोळ्यात ओतलीत, मग तेवढी पण नाहीत. त्याहून वाईट म्हणजे डावा पंजा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला! तळवा समोर केला की अंगठा बाहेरच्या बाजूला यायला पाहिजे, माझ्या सांगाड्याचे अंगठे आत. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की खोललेला माल परत होत नाही. पक्कड घेऊन तारा सोडवून मीच अदलाबदल केली, अर्धा तास गेला. पण शाळेने घेतला असता आणि कुणाच्या लक्षात आलं नसतं तर मुलं वर्षानुवर्षं चुकीचा हात शिकली असती, याचा मला खरंच राग आला.

अजून एक, कोपराखालची दोन हाडं फिक्स आहेत. हात पुढे करा, तळवा वर, आणि दुसऱ्या हाताने कोपराखाली धरून तळवा पालथा करा, अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जाताना हाताला कळतं. शरीरातली एवढी सुंदर हालचाल आणि मॉडेलमध्ये ती करताच येत नाही.

आणि प्लास्टिक आतून पोकळ, हाड तसं नसतं. मागच्या रविवारी काळ्या मसाल्याचं मटण होतं, ताटातल्या नळीचं सांध्याकडचं टोक खाटकाने उभं कापलेलं होतं, ते धुवून गच्चीवर उन्हात धरलं. आत जाळी. बारीक बारीक पट्ट्या, आणि त्या कशाही पसरलेल्या नाहीत, कमानीसारख्या ओळीत वळत गेलेल्या. १८६६ च्या सुमारास झुरिकला ॲनाटॉमीचे प्राध्यापक हर्मन फॉन मायर यांनी माणसाच्या मांडीच्या हाडाचा असाच काप दाखवला, तर कार्ल कुलमान नावाच्या इंजिनियरला त्या रेषा क्रेनवर येणाऱ्या भाराच्या रेषांसारख्या वाटल्या. चोपड्याकडे मामाची केळी आहे, तिथे पानाचा दांडा आडवा कापून बघा, आत हवेच्या खोल्याच खोल्या, वजन काही नाही आणि एवढं मोठं पान पेलून धरतो. दुकानात म्हाताऱ्या बायकांचे खुब्याचं हाड मोडल्याचे कागद येतात तेव्हा मला हीच जाळी आठवते, वयाने तिच्या पट्ट्या झिजून विरळ होतात, मग नुसतं मोरीत पाय घसरला तरी तेवढं पुरतं.

घ्यायचा का? घरी शिकायला, मणके समजायला, नर्सिंग-फिजिओच्या पहिल्या वर्षाला, डोळे झाकून घ्या, पण आल्या आल्या अंगठे तपासा. हातापायांच्या पंजांचा अभ्यास करायचा असेल तर हा नको, दोन हात दोन पाय मिळून १०६ हाडं तिथेच असतात, त्यासाठी एक सुट्टा पूर्ण मापाचा पंजा वेगळा घ्या. मी तोच मागवलाय, मनगटाची आठही हाडं सुटी असलेला, परवा येतोय. आबांनी दोनदा विचारून झालंय.