सुट्या उदबत्तीचा घाऊक माल फोनवर घेणाऱ्यांनो, हे वाचा

१५,५९० रुपये गेले. माल ६० किलो, २१० रुपये किलो, म्हणजे १२,६००. ट्रान्सपोर्टचं भाडं आणि हमाली मिळून ७४०. दुकानाचं नाव छापलेल्या पाउचचे २,२५०. गणपतीच्या तोंडावर, छोट्या पूजासाहित्याच्या दुकानातून एवढी रक्कम जाणं म्हणजे काय, ते दुकान चालवणाऱ्यालाच कळेल.

पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. बंगळूरुचा कारखानदार म्हणवणारा माणूस, व्हॉट्सअपवर मालाचे फोटो, घरपोच सॅम्पल, ५,००० आगाऊ, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला की बाकीचे ७,६००. मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. सॅम्पलची जुडी आली तेव्हा काडी दुकानात पेटवली, शेवटपर्यंत जळू दिली. राख करडी, वास मंद, धूर बेताचा. त्या सॅम्पलमध्ये काहीही खोट नव्हती. सॅम्पल चांगलंच असतं, कारण ते त्या ६० किलोतलं नसतंच.

आता तो क्षण. बिल्टी सोडवून गोणी घरी आणली, तोंड उघडलं तर खोलीभर मोगऱ्याचा भपकारा. वरच्या जुड्या सॅम्पलसारख्याच. खाली हात घातला तर काड्या जाड आणि बोटांना तेलकट. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "ताई, माल ताजा आहे, सेंटमध्ये नुकताच बुडवलाय. पेटवू नका, आठ दिवस मुरू द्या. देवाचं काम आहे, फसवून कुठं जाऊ?" इथेच, नेमकं इथेच मी फसले. ज्याला या धंद्यातलं थोडं कळतं तोच या वाक्याला फसतो, कारण वाक्य खरं आहे. स्वस्त उदबत्तीची कच्ची बत्ती म्हणजे कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगत. ती डीईपीसारख्या (सेंट पातळ करणारं रसायन) द्रावणात मिसळलेल्या सेंटमध्ये बुडवतात, आणि ताजी काडी मुरवावीच लागते. खऱ्या गोष्टीचा आडोसा घेऊन त्याने मला आठ दिवस गप्प बसवलं. तेवढ्यात त्याचा नंबर बंद.

मुरल्यावर काय निघालं? काडी अर्ध्यात विझते. जळते तेव्हा मोगरा नाहीच, जळक्या चिंधीचा वास आणि डोळ्यांत पाणी. राख काळी, खपल्यांनी खाली पडते. वर्षानुवर्षं येणाऱ्या एका काकूंनी पाकीट परत आणून काउंटरवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

मग वजन केलं. सॅम्पलच्या हिशेबाने १०० ग्रॅममध्ये ९० काड्या बसायच्या, या मालात ६१. जाड बांबू आणि तेल, वजन सगळं त्यांचंच. माझ्याकडे २३ पैशांना पडणारी काडी ३४ ला पडली. आपण घेतो किलोने आणि विकतो काडी मोजून, ही फट त्यांना बरोबर माहीत आहे. म्हणून घेताना वजन विचारू नका, १०० ग्रॅममध्ये काड्या किती ते विचारा.

आणि न पेटवलेल्या जुडीच्या वासावर कधीही विश्वास ठेवू नका. सेंट वरून फवारलेलं असेल तर गोणी दरवळते आणि काडी जळताना काहीच उरत नाही. काडी वर्तमानपत्रावर तासभर ठेवा, तेलाचा डाग किती पसरतो बघा. बोटांनी चोळा, रंग सुटतो का बघा. "शुद्ध चंदन" म्हणून १० रुपयांचं पाकीट कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय, चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं.

तक्रारीचं सांगते. पोलीस ठाण्यात गेले तर, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद." पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी विचारलं, "ओटीपी दिलात का? लिंक उघडलीत का?" नाही म्हटल्यावर परत ठाण्याकडे. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. ग्राहक मदतीच्या फोनवरची मुलगी नम्र होती, पण तिने सांगितलं की पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. म्हणजे पाकीट घेणारा ग्राहक, आणि पोटासाठी ६० किलो घेणारी मी कोणीच नाही! वजनमापवाल्यांनी तर कहर केला. गोणीवर नाव नाही, पत्ता नाही, कारवाई कोणावर करायची? वर मलाच बजावलं की हा माल माझ्या पाउचमध्ये भरला तर पॅक करणारी म्हणून जबाबदारी माझी. कायदा मला शोधायला तत्पर, त्याला शोधायला नाही. प्रत्येक टेबलावर माझ्याकडेच असं बघितलं की जणू चोरी मी केलीय.

माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, हे प्रत्येकाने ऐकवलं. सुट्या मालाच्या धंद्यात निम्मे लोक कच्च्या चिठ्ठीवर चालतात, हे त्या टेबलांमागच्या माणसांना माहीत नाही असं नाही. तरी तुम्ही जीएसटी क्रमांक असलेलं बिल आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, आणि आलेला क्रमांक पोर्टलवर टाकून नाव तपासा. दोन मिनिटं लागतात. बिल्टीचा फोटो म्हणजे माल नव्हे. बाकीची रक्कम गोणीच्या मध्यातून काडी काढून, ट्रान्सपोर्टच्या दारातच ती शेवटपर्यंत जाळून मगच द्या. गोदामवाला ओरडेल, ओरडू दे.

गेल्या आठवड्यात तेच फोटो, तीच गोणी, तोच निळा पडदा मागे, वेगळ्या नंबरवरून आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आले. भाव आता १९५, नाव नवीन. दिवाळीच्या ऑर्डरी घेतोय. मी ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिनने मेसेज काढून टाकला, "वैयक्तिक वाद इथे नको" म्हणून. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांनी माल येण्याआधीच बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.