गच्चीवरचा ३० कुंड्यांचा ठिबक संच: पुण्याच्या उन्हाळ्यानंतर

संचात काय काय येतं ते खोक्यावर लिहिलेलंच आहे, त्यामुळे थेट ड्रिपरवर, म्हणजे कुंडीत थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडावर येतो. त्यावर 'तासाला ४ लिटर' छापलंय. ते १ बार दाबाला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कुंड्यांपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच, म्हणजे दाब ०.१५ बार. एवढ्यावर हाच ड्रिपर तासाला दीड लिटरच्या आसपास देतो. विश्वास नसेल तर खाली पेला ठेवून १० मिनिटांचं पाणी मोजा, २५० मिली भरेल. ग्राहक सेवेचं उत्तर: "बूस्टर पंप लावा." तीस कुंड्यांसाठी पंप!

काही गरज नाही. १६ मिमीच्या मुख्य नळीचं शेवटचं टोक बुचाने बंद न करता फिरवून आणा आणि सुरुवातीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडा. अशी रिंग केली की शेवटच्या कुंडीची उपासमार थांबते. मग वेळ वाढवा. १५ इंची ग्रो बॅगमधल्या टोमॅटो-वांग्याला एप्रिल-मेमध्ये सकाळी ३० आणि संध्याकाळी ३० मिनिटं, मिळून दीड लिटर. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की टोमॅटो बुडाशी काळा पडतो. त्यावर लोक अंड्याची टरफलं टाकत बसतात. अहो, मातीतलं कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच जातं. आधी पाणी नियमित करा.

इथवर दोनच स्टार देणार होतो. टायमरने तिसरा मिळवला. त्यात बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेली गोळी फिरवून उघडणारी झडप) आहे, म्हणून टाकीच्या दाबावरही बिनतक्रार उघडतो. सोलेनॉइडवाले (विद्युतचुंबकाने झडप उघडणारे) टायमर एवढ्या कमी दाबाला अडून बसतात, घेताना विचारून घ्या.

पुन्हा ड्रिपर, कारण चौथा स्टार त्यानेच घालवला. बोअरच्या पाण्याने तोंडाशी पांढरा क्षार धरतो आणि हा ड्रिपर उघडताच येत नाही. सुई घालू नका, भोक मोठं होऊन धारच लागते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी धुवा. ड्रिपर काढताना मायक्रोट्यूब (त्याला पाणी आणणारी बारीक नळी) हिसडून काढू नका. टोक गरम पाण्यात धरलं की सैल पडतं. फिल्टरची जाळी आठवड्याला धुवायचीच. शेतीच्या दुकानात उघडून साफ करता येणारे ड्रिपर सुटे मिळतात, ते आणून बसवलेले परवडतात.

मेथी-कोथिंबिरीच्या ट्रेला मात्र झारीच. ठिबकाने थेंबाखालचीच रोपं वर येतात. पावसाळ्यात टायमरच्या बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या गळून आतले पत्रे गंजतात.