जीन गन: सोनं नीट माखलं तरच पैसे वसूल

बायो-रॅडची पीडीएस-१०००/एचई ही हेलियमवर चालणारी जीन गन. डीएनए माखलेले सोन्याचे कण पेशींत घुसवायचे एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा माखण्यात.

०.६ किंवा १ मायक्रॉनचे कण ५०% ग्लिसरॉलमध्ये, मिलिलिटरला ६० मिलिग्रॅम. त्यातले ५० मायक्रोलिटर घेऊन, व्होर्टेक्स (नळी हलवणारं यंत्र) चालू ठेवूनच, ५ मायक्रोग्रॅम डीएनए, मग २.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड ५० मायक्रोलिटर, शेवटी ०.१ मोलर स्पर्मिडीन २० मायक्रोलिटर (ही दोन्ही डीएनए सोन्याला चिकटवतात). ७०% आणि नंतर शुद्ध इथेनॉलने धुवून ४८ मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये मिसळायचं आणि एकेका मॅक्रोकॅरियरवर (कण वाहून नेणारी प्लास्टिकची चकती) ६ मायक्रोलिटर पसरायचं. वाळलेला थर पातळ, सगळीकडे सारखा हवा. गुठळ्या दिसल्या तर तो मॅक्रोकॅरियर बिनदिक्कत फेकून द्या, कारण गुठळी आदळते तिथल्या पेशी मरतात. कारणं ठरलेली: स्पर्मिडीन जुनं झालंय (थोडं थोडं वेगळं करून उणे २० अंशांवर ठेवावं), नाहीतर इथेनॉलने हवेतलं पाणी ओढलंय. कोकणच्या पावसाळ्यात दुसरं कारण आधी तपासावं. नवी बाटली उघडा, मॅक्रोकॅरियर सिलिका जेलवर वाळवा.

११०० पीएसआय दाबाला फुटून हेलियम सोडणारी डिस्क लावली तर रेग्युलेटर १३०० वर हवा. डिस्कची टोपी टॉर्क रेंचने आवळली नाही की डिस्क घसरते आणि दाब आधीच निसटतो. डिस्क, मॅक्रोकॅरियर, त्याला अडवणारी जाळी हे सगळं दर शॉटला नवं, त्यामुळे यंत्रापेक्षा हा चालू खर्च आधी मांडून बघा.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियमला (वनस्पतीत स्वतःच जनुक घालणारा मातीतला जिवाणू) यातलं काही लागत नाही. ॲसिटोसिरिंगोन (जिवाणूला चेतवणारं रसायन) १०० मायक्रोमोलर, २२ ते २५ अंशांवर दोन-तीन दिवस सहसंवर्धन (उती आणि जिवाणू एकत्र वाढवणं), मग जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक. खोली २८ अंशांच्या वर गेली की जनुक पोचणं मंदावतं, आणि दिवस वाढवले की जिवाणूच उतीवर चढून बसतो. पण जनुकाच्या प्रती सहसा एक-दोनच बसतात. गनने अनेक बसतात, काही तुटक, आणि पुढे जनुक गप्प होण्याची भीती राहते. ज्या वाणाची उती अ‍ॅग्रोला दाद देते, तिथे गन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही पद्धती आपल्या कापसात आहेत. २००२ मध्ये मंजूर झालेल्या बोलगार्डमधलं क्राय१एसी हे बोंडअळीनाशक जनुक अ‍ॅग्रोने घातलेलं. बोलगार्ड-२ साठी त्याच कापसात क्राय२एबी हे तसंच दुसरं जनुक घातलं ते गनने.

गन खरी उपयोगी पडते ती क्लोरोप्लास्टमध्ये (हरितलवकात) जनुक घालायला, आणि कॅस९ हे डीएनए कापणारं प्रथिन व त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए थेट पेशीत सोडायला. या दुसऱ्या कामात परका डीएनए येत नाही. असे छोटे बदल (एसडीएन-१, म्हणजे बाहेरचा डीएनए न घालता केलेले) असलेल्या रोपांना भारतात २०२२ पासून जीएम नियमांच्या मोठ्या भागातून सूट आहे.

नवी गन आली की पहिले शॉट कांद्याच्या पापुद्र्यावर, गस हे रंगवल्यावर पेशी निळी करणारं जनुक घेऊन मारा. दुसऱ्या दिवशी रंगवून निळे ठिपके मोजा. मधोमध जळका डाग आणि कडेला तुरळक ठिपके असतील तर जाळीपासून पापुद्र्याचं अंतर ६ वरून ९ सेंटिमीटर करा. तरीही विखुरलेले ठिपके मिळत नसतील तर पुन्हा सोनं माखण्यापासून सुरुवात.